दिनकरची गोळी मी सोडायला लावली

दिनकर गेल्याचं मला सुजातानं फोनवर सांगितलं. सकाळचे साडेआठ वाजले असतील, जैन बस्तीतून, म्हणजे आमच्या मंदिरातून, दर्शन घेऊन आलो होतो आणि दारात चपला काढत होतो. "काका, आप्पा गेले," एवढंच ती म्हणाली. सुजाता म्हणजे दिनकरची एकुलती एक लेक, इचलकरंजीत दिलेली. बायको वारल्यापासून तिचा बाप गडमुडशिंगीत एकटाच राहायचा. त्या दिवशी त्यानं म्हैस पिळली, डेअरीत दूध घातलं, घरी येऊन रिकामी किटली पायरीवर ठेवली, तिथंच बसला, आणि शेजारणीनं हाक मारली तेव्हा त्यानं ओ दिली नाही. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. हे सगळं सुजातानं मागाहून सांगितलं. पण त्या फोनवर माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो हा, "गोळ्या घेत होता का गं परत?" ती म्हणाली, "न्हाय काका. त्या कवाच सुटल्यात. तुमाला तर ठावं हाय की."

मला ठाऊक होतं. तरीही मी विचारलं. आणि मी विचारलं तेच रक्षाविसर्जनाच्या दिवशी नदीकाठी लोक एकमेकांच्या कानात बोलत होते. "झोपंच्या गोळ्या लई खायचा म्हणं. डोस्क्याचं औषध चालू हुतं. त्यातच गेला असंल." बोलणारा दिनकरचा वैरी नव्हता, भावकीतलाच होता आणि मघाशी तोही रडला होता. मी त्याला काहीच बोललो नाही. दीड महिना झाला त्याला. खरं काय झालं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही, म्हणून हे लिहायला बसलोय. लिहायचं तर माझंही लिहावं लागेल, ते टाळूनच दीड महिना गेला.

मी एका शाळेत हेडक्लार्क होतो. शाळेचं नाव सांगत नाही, त्याची गरज नाही. पोरांची ने-आण करायला शाळेच्या चार बस होत्या आणि त्यांचा सगळा कारभार माझ्या टेबलावरून चालायचा. तीन नंबरची गाडी दिनकरची. उजळाईवाडी, गडमुडशिंगी, तिकडच्या वाड्यावस्त्या असा त्याचा रूट. एकोणीस वर्षं त्यानं ती गाडी चालवली. पोरं त्याला दिनूमामा म्हणायची. पहिलीत ज्याला उचलून पायरीवर ठेवलं तो दहावीत मिशा फुटल्यावरही "दिनूमामा, थांब की गा!" म्हणत पळत यायचा, आणि हा आरशात बघून गाडी पुढं घेतल्यासारखी करायचा, मग थांबायचा. दुपारी गाड्या उभ्या असायच्या तेव्हा आम्ही दोघं माझ्या खोलीत डबा खायचो. माझ्या डब्यात कांदा-लसूण नसायचा, त्याच्या डब्यात खर्डा असायचा. "साहेब, तुमच्या भाजीला काय जीवच न्हाय," असं रोज म्हणून रोज तीच भाजी मागून घ्यायचा. मला शाळेत तेवढाच एक मित्र होता. हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

एका दुपारी त्याच्या गाडीतून उतरलेली पहिलीतली एक मुलगी बसच्या पुढून रस्ता ओलांडायला निघाली. तिची पाण्याची बाटली पडली, ती उचलायला ती खाली वाकली आणि काचेतून दिसेनाशी झाली. दिनकरनं क्लच सोडला होता. पण उतरताना आरशात बघितलेली मुलगी रस्त्यापलीकडं पोचलेली दिसली नाही, एवढ्यावरनं त्यानं ब्रेक दाबला. गाडी तिच्यापासून वीतभर अंतरावर थांबली. मुलगी बाटली घेऊन उठली आणि हसत घरी गेली. काहीही झालं नाही. कुठं तक्रार नाही, कागद नाही. पण दिनकर मला म्हणाला, "साहेब, पाय ब्रेकवरनं उचलंना झालाता. मागची पोरं वरडाय लागली तरी उचलंना."

त्यानंतर तो बदलत गेला. गाडी सुरू करण्याआधी खाली उतरून चाकांखाली बघायचा, वर चढायचा, परत उतरायचा. पोरं हसायची. मग एक दिवस रेल्वे फाटकाजवळ गाडी थांबलेली असताना त्याची छाती आवळली, हातपाय गार पडले, शर्ट घामानं भिजला. हार्ट अटॅकच आला असं समजून आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या, हृदय ठणठणीत निघालं. महिन्याभरात तसंच आणखी तीनदा झालं. शेवटी तिथल्या डॉक्टरांनी त्याला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं पाठवलं. तो एकटाच गेला. मला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पोरं उतरवून झाल्यावर, तो माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला आणि त्यानं बसची किल्ली रजेच्या अर्जांवर ठेवली.

"ही ठेवून घ्या, साहेब. आज रातीपास्नं गोळी चालू करायची हाय. गाडी चालवायची न्हाय म्हणून सांगितलंय."

डॉक्टरीणबाईंनी त्याला दोन औषधं दिली होती. एक रोजचं, बरेच महिने घ्यायचं, त्याचा गुण यायला वेळ लागणार होता. तोवर धडधड आणि भीती आवरायला दुसरी एक छोटी गोळी होती. ती थोड्याच दिवसांसाठी. बाईंनी त्याला समोर बसवून सगळं दोनदा म्हणवून घेतलं होतं, आणि त्यानं ते मलाही पाढ्यासारखं म्हणून दाखवलं. ठरल्या वेळी, ठरलेली तेवढीच. दारू अजिबात नाही. सुस्ती येते, म्हणून गाडी नाही. बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं सोडायची नाही, बरं वाटेना म्हणून आपल्या मनानं वाढवायची नाही. आपली गोळी दुसऱ्याला द्यायची नाही. आणि तीन आठवड्यांनी गुरुवारी परत दाखवायला यायचं, म्हणजे ती हळूहळू कमी करता येईल.

जानेवारीचा महिना होता. स्नेहसंमेलन, सहली, त्यात एक ड्रायव्हर आधीच रजेवर. मी म्हणालो, "अरे, रात्री घे की गोळी. सकाळपर्यंत उतरेल. एवढ्याशा गोळीनं काय होतंय? कुणाला कळणार आहे?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, नवल होतं. म्हणाला, "कळायचा प्रश्न न्हाय, साहेब. माज्या मागं बेचाळीस पोरं बसत्यात."

संस्थेनं त्याला गेटवर बसवलं. तीन नंबरवर नवा ड्रायव्हर आला. दिनकर सकाळी खुर्ची टाकून गेटजवळ बसायचा, बस आत आली की उठून फाटक उघडायचा आणि आपलीच गाडी आत जाताना बघायचा. पोरांनी सुरुवातीला खिडकीतून हात केले. पुढं शाळेत कुजबुज सुरू झाली. कुठल्या औषधामुळं गाडी सुटली हे कुणाकडून बाहेर गेलं कोण जाणे. म्हणजे, मला ठाऊक आहे. मुख्याध्यापकांना मी सांगितलं होतं, आणि ते सांगताना खोलीचं दार उघडं होतं. एका पालकानं येऊन विचारलं, "डोक्याच्या गोळ्या खाणारा माणूस गेटवर कसा ठेवला?" बाकीचे ड्रायव्हर चहाला जाताना त्याला हाक मारेनासे झाले. पोरं त्याच्याजवळ थांबेनाशी झाली. आणि मीही डबा खायला त्याला बोलवेनासा झालो. भांडण काहीच नव्हतं. काम वाढलंय, असं मी स्वतःला सांगायचो. खरं तर त्याच्यासोबत बसलेला दिसायची मला लाज वाटत होती. खिडकीतून तो मला दिसायचा. खुर्चीवर बसून, मांडीवर डबा घेऊन, फाटकाकडं तोंड करून जेवायचा.

तीन आठवड्यांनी गुरुवार आला. तो रजा मागायला आला, मी म्हणालो, "आज तपासणीचे साहेब येणार आहेत, पुढच्या गुरुवारी जा." पुढच्या गुरुवारी परीक्षा होती. त्याच्या पुढच्या गुरुवारी तो आलाच नाही विचारायला. चिठ्ठी जुनीच होती, तीच दाखवून एका औषधाच्या दुकानातून तो गोळ्या आणत राहिला. काही महिन्यांनी एकीनं भागेना म्हणून त्यानं आपल्या मनानं दोन सुरू केल्या. घरी बोलायला कुणी नव्हतं, शाळेत आम्ही नव्हतो. मला तो नंतर म्हणाला, "दिवस जाता जायचा न्हाय, साहेब. गोळी घेतली की नुसतं बसाय यायचं." पाढ्यासारखे म्हणून दाखवलेले ते नियम त्यानं असे एकेक करून मोडले. दारूला मात्र कधी शिवला नाही. चूक त्याचीही होती. पण गुरुवार माझ्या टेबलावर अडला होता, हेही तितकंच खरं.

जून उजाडला. शाळा सुरू झाली आणि नवा ड्रायव्हर नोकरी सोडून गेला. मी फाटकाजवळ गेलो. कितीतरी दिवसांनी मी आपण होऊन त्याच्याजवळ गेलो होतो, आणि तो खुर्चीवरून चटकन उठून उभा राहिला.

"दिनकर, किती दिवस खाणार रे त्या गोळ्या? सवय लागते त्यांची. सोडून टाक एकदाच्या. सोड, आणि पुढच्या सोमवारपासनं तीन नंबर घे. वरती मी बघतो."

"सोडू म्हणता?"

"सोड की. तुला काय झालंय?"

त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी विसरू शकत नाही. त्याला गाडी मिळणार होती आणि मी, त्याचा मित्र, त्याच्याशी बोललो होतो. त्यानं त्याच दिवशी गोळ्या बंद केल्या. एकदम. ते रोजचं औषधही टाकून दिलं. उगीच अर्धवट कशाला, असं वाटलं असेल त्याला.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरताना मी बघितले. विचारलं तर म्हणाला, "झोप न्हाय लागली, एवढंच. हुईल कमी." चौथ्या दिवशी शाळेची घंटा झाली की तो कानावर हात ठेवायचा. घाम थांबत नव्हता. मला वाटलं, सवय सुटतेय, होणारच. सोमवार जवळ येत होता. शनिवारी सकाळी प्रार्थनेला सगळी शाळा मैदानात उभी असताना गेटजवळ खुर्ची पडल्याचा आवाज झाला. दिनकर जमिनीवर होता, अंग ताठ झालं होतं आणि झटके येत होते. दोन शिक्षक धावले, त्याला कुशीवर वळवलं, कुणीतरी डोक्याखाली दप्तर सरकवलं. पोरं बघत होती. दिनूमामाला सगळ्यांनी असं बघितलं.

त्याला मी दवाखान्यात नेलं. त्याच डॉक्टरीणबाई दुपारी आल्या. चाळिशीच्या असतील, आवाज हळू, पण प्रश्न नेमका. दिनकर शुद्धीवर होता, जीभ चावली गेल्यामुळं त्याला नीट बोलता येत नव्हतं. मी पायाशी उभा होतो.

"गोळी एकदम बंद केली होती?"

दिनकरनं मान हलवली.

"अशी गोळी इतके महिने रोज घेतली की शरीराला तिची सवय होते. ती एकदम काढून घेतली तर असं होऊ शकतं. जीवावर बेततं कधी कधी. मी सांगितलं होतं ना तुम्हाला? मग बंद करायला कुणी सांगितलं?"

मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ सांगतो, उघडलं होतं. पण त्याआधी खाटेवरून दिनकरच बोलला, "कुणी न्हाय, बाई. मीच केली माज्या मनानं."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

गोळी परत सुरू झाली आणि मग बाईंनी ती उतरवायला घेतली. मला वाटायचं गोळी सोडणं म्हणजे सोडणं. त्याला नऊ महिने लागले. आधी दोनाच्या दीड, मग बरेच दिवस तेवढंच, मग एक, मग पाऊण. मध्ये एकदा त्रास वाढला तेव्हा बाई म्हणाल्या, "थांबू या इथंच. घाई कुणाला आहे?" दिनकर हसला. दर पंधरा दिवसांनी गुरुवारी मी त्याच्यासोबत जायचो. रजेचा अर्ज मीच लिहायचो आणि मीच मंजूर करायचो. दवाखान्यातून निघायला संध्याकाळ व्हायची. मला सूर्यास्ताआधी जेवायची सवय, त्यामुळं आम्ही घाईनं माझ्या घरी यायचो, तो माझ्याबरोबर पानावर बसायचा आणि भाजीला जीव नाही म्हणायचा. त्या नऊ महिन्यांत मी त्याची माफी मागायला कितीतरी वेळा सुरुवात केली. एकदा तर म्हणालो, "दिनकर, त्या दिवशी दवाखान्यात तू..." तो म्हणाला, "आमटी वाढा, साहेब."

गावातल्या एका ओळखीच्या बाईनं त्याच्याकडं एकदा दोन गोळ्या मागितल्या. लेकीच्या लग्नाची काळजी, झोप येत नव्हती. तिला त्यानं गोळ्या दिल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आमचा गुरुवार होता, तिला सोबत घेऊनच तो डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात आला आणि तिचा नंबर लागेपर्यंत बाकावर बसून राहिला. तिला म्हणाला, "ही गोळी वंगाळ न्हाय, वैनी. माजी छाती हिनंच थांबवली. पर ही ज्याची त्याची असती, आन् डॉक्टर बोट धरून नेतील तशीच घ्याची असती." औषधाविषयी एवढं सोपं बोलणं मी कुणाकडून ऐकलं नाही.

नऊ महिन्यांनी ती गोळी संपली. रोजचं औषध आणखी वर्षभर चाललं, तेही बाईंनी हळूहळू उतरवलं. गोळी सुटल्यावर काही महिने वाट बघून, तपासून, बाईंनी लिहून दिलं की हा माणूस गाडी चालवायला तंदुरुस्त आहे. ते पत्र मी संस्थेच्या बैठकीत स्वतः वाचून दाखवलं. अध्यक्ष म्हणाले, "पत्र बरोबर असेल हो. पण पालक काय म्हणतील?" दोन मिनिटांत विषय संपला. मी बाहेर आलो तर दिनकर दारात उभा होता, दाढी करून आला होता. मी काही बोलायच्या आधीच म्हणाला, "असूं दे, साहेब. गेट काय वाईट हाय?" निवृत्त होईपर्यंत तो गेटवरच बसला. मग गडमुडशिंगीला म्हैस घेतली. मीही निवृत्त झालो. आधी आठवड्याला भेटायचो, मग महिन्याला, मग सणाला. त्याच्याकडं जायला मला वीस मिनिटं लागायची. मी जात नव्हतो. गेलो की मला तो बाईंचा प्रश्न ऐकू यायचा.

गेल्या रविवारी सुजातानं बोलावलं म्हणून गेलो. म्हैस शेजाऱ्यांनी नेली होती. एकच खोली, एक खाट, भिंतीला कपड्यांची दोरी. ती कागदपत्रं लावत होती आणि एका पत्र्याच्या पेटीतून तिनं एक कार्ड काढून माझ्या हातात दिलं. दिनकरचं लायसन होतं, मोठ्या गाडीचं. गेल्याच वर्षी नवं करून घेतलेलं.

"हे कशापायी काढलं असंल, काका? गाडी तर कवाच सुटलीती. ह्यासाठी डॉक्टरकडं तपासणी, फोटो, दोन-तीन हेलपाटं... मला कायबी बोलले न्हाईत."

मी खाटेवर बसलो आणि तिला सगळं सांगितलं. पुढं ढकललेले गुरुवार, फाटकाजवळ जाऊन मी काय बोललो ते, दवाखान्यात कोण बोललं आणि कोण गप्प राहिलं ते. ती शर्टांच्या घड्या घालत ऐकत होती. मध्ये एकदा तिचे हात थांबले. माझं बोलून झाल्यावर तिनं हातातल्या शर्टाची घडी पुरी केली.

"तवाच बोलायचं हुतं, काका," ती म्हणाली. "डॉक्टरबाईम्होरं. आप्पा खाटंवर हुते तवा. आता मला सांगून..." माझ्या हातातून तिनं कार्ड घेतलं, पदरानं पुसलं आणि फळीवर, आईच्या फोटोशेजारी उभं करून ठेवलं. मला चहा विचारला, मी नको म्हणालो, तिनंही आग्रह केला नाही.

निघताना मी फळीजवळ थांबलो. कार्डावरच्या फोटोत दिनकरनं शाळेचा पांढरा शर्ट घातलाय, गळ्यापर्यंत गुंड्या लावून, केस पाणी लावून बसवलेत, आणि तो सरळ समोर बघतोय. शेजारी मुदतीची तारीख आहे. अजून चार वर्षं दिनकरला बस चालवायला कुणाचीही हरकत नाही.